उणे ८१ व्होल्ट

सप्लाय पाच व्होल्टचा आणि माझ्या गणितात कलेक्टरवर उणे ८१ व्होल्ट! आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, ती बरोबर होती. म्हणून तर जास्तच गोंधळलो.

सर्किट अगदी साधं. बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एक किलोओहममधून पाच व्होल्टला आणि बेस दहा किलोओहममधून त्याच पाच व्होल्टला. बेस-एमिटरवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे बेसच्या रेझिस्टरवर ४.३ उरले. बेस करंट ०.४३ मिलिअँपिअर. आता कलेक्टर करंट म्हणजे याच्या बीटापट. बीटा २०० धरला, तर ८६ मिलिअँपिअर. पण एक किलोओहममधून एवढा करंट जायचा तर त्यावर ८६ व्होल्ट पडायला हवेत. ते आणायचे कुठून?

शेवटी ब्रेडबोर्डवर सर्किट जोडलं आणि कलेक्टर-एमिटरवर मल्टिमीटरचे प्रोब टेकवले. रीडिंग ०.१ व्होल्टच्याही खाली! म्हणजे जवळजवळ सगळे पाच व्होल्ट रेझिस्टरवरच पडत होते. पाच व्होल्टवर एक किलोओहममधून पाच मिलिअँपिअरहून जास्त करंट जाऊच शकत नाही. ट्रान्झिस्टरची तयारी ८६ची असली, तरी त्याच्या वाट्याला येतात जेमतेम पाच. हेच सॅच्युरेशन.

बीटाचं सूत्र इथे का चालत नाही, तेही त्या रीडिंगमध्येच दिसलं. बेस ०.७ वर, कलेक्टर त्याच्याही खाली. म्हणजे बेस-कलेक्टर जंक्शनही फॉरवर्ड बायस झालं. कलेक्टर बेसच्या वर असेल, तेव्हाच ते सूत्र लागू पडतं.

मग गणित उलट्या बाजूने मांडलं. सॅच्युरेशन आहे असं धरून कलेक्टर-एमिटरला ०.२ व्होल्ट दिले. रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट, म्हणून कलेक्टर करंट ४.८ मिलिअँपिअर. एमिटर करंट म्हणजे कलेक्टर आणि बेस करंटची बेरीज, ५.२३. आता पडताळा: बीटाच्या हिशेबाने ८६ मिळू शकतात, लागतात ४.८. गृहीतक खरं ठरलं.

बेसला ४७० किलोओहम लावला की चित्र पालटतं. बेस करंट नऊ मायक्रोअँपिअरच्या आसपास, कलेक्टर करंट सुमारे १.८ मिलिअँपिअर, कलेक्टर ३.२ व्होल्टवर. आता बीटा बदलला की कलेक्टरचे दोन्ही आकडे हलतात. आणि बीसी ५४७चा बीटा, ए, बी, सी गट धरून, ११० ते ८०० असा कुठेही असू शकतो! म्हणूनच ट्रान्झिस्टर स्विच म्हणून वापरताना जाणती माणसं डेटाशीटमधला बीटा बाजूला ठेवतात आणि बेसला कलेक्टर करंटच्या सरळ एक दशांश करंट देतात. मग पाकिटातला कोणताही बीसी ५४७ उचलून लावा, करंट तोच राहतो, कारण तो आता रेझिस्टर ठरवतो.