डोई अर्धा एकर

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांची पावणेतीन एकर जमीन, शेजारच्या भाऊबंदांची अठरा. खाणारी तोंडं मात्र दोन्ही घरांत पाच-पाच. गावात पाणी पंचायत झाली तेव्हा दोन्ही घरांना पाणी सारखंच मिळालं, अडीच एकरांचं. आज मी पुण्यात पगारावर जगतो, त्याचं मूळ या हिशेबात आहे. म्हणून पाणी पंचायतीची ही कल्पना मांडणाऱ्या विलासराव साळुंखे यांचं देणं लिहून ठेवतो.

साळुंखेसाहेब पुण्याचे कारखानदार. अचूक मोजमापाची साधनं बनवायची, हा त्यांचा धंदा. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदरला आले, तेव्हा माझी आजी दुष्काळी कामावर सुकडी खाऊन दिवसभर खडी फोडत होती. एवढे हात राबताहेत, तर ते पाणी अडवायला का लावू नयेत, हा त्यांचा सवाल. त्यांनी नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कराराने घेतली. बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणून पाणी वर उपसलं आणि आधी स्वतः पिकवून दाखवलं. त्यांनी काढलेल्या ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या या कामात त्यांच्या पत्नी कल्पनाताई बरोबरीने होत्या.

बांध-तलाव इतरांनीही केले. साहेबांचं वेगळेपण वाटपात. पाणी एकराला नव्हे, माणसाला: डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी उभा करायचा. आणि ऊस बंद.

उसावरून आमच्याकडे बरंच बिनसलं. वडील नीरेकडचा ऊस बघून आले की दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. भाऊबंदांची तक्रार मात्र वाटपाची, "आमची जमीन कोरडी अन् ह्यांच्या पोरांना पाणी!" नेमकं तेच झालं होतं. आमच्या घरातलं पाचवं डोकं माझ्या धाकट्या बहिणीचं. पोरीला कशाला मोजता, असं आजीनेच विचारलं. पाणी वाटून देणारा पाटकरी म्हणाला, "आज्जे, पोरगी हाय म्हून जेवायला अर्धीच भाकर देती का?" त्या अर्ध्या एकरातला वाटाणा विकून माझी कॉलेजची फी भरली गेली. बहिणीला हे मी पुष्कळ उशिरा सांगितलं. ती नुसती हसली.

साहेबांशी माझं कधी बोलणं झालं नाही. २००२ मध्ये ते गेले. कालव्याचं पाणी राज्यात अजून जमीन बघूनच मिळतं आणि त्यातलं पुष्कळसं ऊस पितो.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचा खर्च फ्लॅटमागे सारखा लावतात. घरात दोन माणसं असोत की सात. डोईमागे लावा, असं मी बैठकीत सुचवलं. "माणसं मोजत कोण बसणार?" असं म्हणून चिटणिसांनी पुढचा विषय घेतला. आमच्या गावात ते काम चौथी शिकलेला पाटकरी करत होता.