चार टायरांची भागीदारी

साडू हे नातं, एकानं खर्च करावा आणि दुसऱ्यानं सल्ला द्यावा, एवढ्यासाठीच निर्माण झालं असावं. आमचे थोरले साडू कोल्हापूरला असतात आणि खर्च करतात. सल्ल्याचं खातं माझ्याकडे आहे. वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळं मला पैशातलं कळतं, असा सासुरवाडीत एक गोड गैरसमज आहे.

साडूंची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह. साध्या गाडीत दोन चाकं राबतात आणि दोन नुसती बरोबर येतात. आमच्या शाखेतही साधारण हेच प्रमाण आहे. साडूंच्या गाडीत मात्र चारही चाकं ओढतात. सासुरवाडी कुडाळजवळ, वाटेत आंबोलीचा घाट, आणि तिथला पाऊस म्हणजे आपल्यावर जुना राग असल्यासारखा. म्हणून ही गाडी.

गणपती आठ दिवसांवर आले असताना एका टायरला बाजूनं धोंड्याची चीर गेली. बाजूची चीर काही पंक्चरसारखी सांधता येत नाही. नवा टायर घेणं आलं. आम्ही दोघं दुकानात गेलो. टायरवाल्यानं उरलेल्या तिन्ही टायरांच्या खाचा मोजल्या आणि शांतपणे म्हणाला, "चारही बदला."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. एका टायरची किंमत पाच आकडी. शिवाय कपाटात जे पैसे आहेत ते मेव्हणीच्या पाटल्यांचे, ही आतल्या गोटातली बातमी माझ्यापर्यंत पोचलेली होती.

"अहो, तीन टायर अर्धे शिल्लक आहेत!" साडू म्हणाले. "कायद्याला 1.6 मिलिमीटर खाच पुरते. यांची चांगली चार आहे."

"कायद्याला पुरते, साहेब. गाडीला पुरत नाही."

फसवणुकीचा वास आला की कॉमर्सचा माणूस आधी आकडे मागतो. मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. टायरवर छापलं होतं 235/65 आर 17. म्हणजे नव्या टायरचा व्यास सुमारे 737 मिलिमीटर. नव्याची खाच आठ, जुन्याची चार. झीज वरखाली दोन्हीकडे धरायची, म्हणजे जुना टायर आठ मिलिमीटरांनी बुटका. फरक जेमतेम एक टक्का. पण मुदत ठेवीवर एक टक्क्याचा फरक असला तर लोक बँक बदलतात! बुटक्या माणसाला बरोबरीनं चालायचं तर पावलं जास्त टाकावी लागतात. जुन्या टायरला किलोमीटरमागं पावणेपाच फेरे जादा, शंभर किलोमीटरला पावणेपाचशे.

साध्या गाडीत पुढची जोडी आणि मागची जोडी यांचे संसार वेगळे असतात. जोडीनं टायर बदलले की भागतं. ह्या गाडीत दोन्ही जोड्यांना बांधणारी एक यंत्रणा मधे बसलेली असते. वळणावर चाकं कमीजास्त फिरतात, तेवढं ती सांभाळून घेते. पण सरळ रस्त्यावरही भांडण चालूच राहिलं, तर मधल्या सुनेसारखी ती दिवसभर समेट करत बसते, आतल्या आत तापते आणि शेवटी मोडते. तिच्या दुरुस्तीपुढं चार टायर स्वस्त. म्हणून असल्या गाड्या बनवणारे बरेच जण टायरांमधे दोन-तीन मिलिमीटरांपलीकडे फरक नको म्हणतात.

मला एकदम बी.कॉम.चं पुस्तक आठवलं. भागीदारी कायदा, 1932, कलम 42: वेगळा करार नसेल तर एक भागीदार मेला की भागीदारी संपते. टायरवाल्यानं हा कायदा वाचलेला नव्हता, पण अंमलबजावणी चोख होती.

त्याच जातीचा, तेवढाच झिजलेला टायर मिळाला असता तर एकावर भागलं असतं. त्यानं दोन ठिकाणी फोनही केले. पण इतकी जुळणारी पत्रिका वधूवर सूचक मंडळातही मिळत नाही.

साडूंनी शेवटचं अस्त्र काढलं. "ओढायला चार चाकं आहेत. चीर गेलेला तेवढा बदलू, बाकीच्यांवर घाट चढेल की!"

"चढेल. उतरताना काय? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात. ओल्या रस्त्यावर गाडी थांबते ती रबरावर."

ह्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. मागच्या सीटवर सासूबाई आणि पोरं बसणार होती. ह्या रकान्यात लिहायला माझ्याकडे आकडा नव्हता.

घरी साडूंनी विषय काढला तो खाली मान घालून. मेव्हणीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोल्हापुरात राहून तुम्ही एक चप्पल कधी विकत घेतलीत का हो?" पाटल्या पुढच्या पाडव्यावर गेल्या.

चार टायर बसले. दर आठ-दहा हजार किलोमीटरला ते आळीपाळीनं पुढचे मागे फिरवा, म्हणजे झीज सारखी होईल, असं टायरवाल्यानं बजावलं. मला नवल वाटलं नाही. आमच्या साहेबांच्या बदल्या ह्याच तत्त्वावर होतात. एका जागी बसला की माणूस एकाच अंगानं घासतो.

निघायच्या दिवशी मेव्हणीनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. चारही चाकांखाली. "एकच ठेवलं तर?" असं विचारायचं साडूंच्याही मनात आलं नाही.