अल्फोन्सिनाची सायकल

इटली देशाच्या उत्तरेस पो नदीचे विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे. त्याच्या दक्षिण कडेला मोदेना आणि बोलोन्या ही दोन जुनी शहरे असून त्या दोहोंच्या मध्ये कास्तेल्फ्रांको हे गाव आहे. मुलूख सपाट, शेते सुपीक आणि रस्ते सरळ. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या रस्त्यांवर डांबर नव्हते. उन्हाळ्यात त्यांवरून गाडी गेली की पांढऱ्या धुळीचा लोट उठे आणि पाऊस पडला की चाके चिखलात रुतत. अशा या मुलखात १६ मार्च १८९१ रोजी अल्फोन्सिना मोरिनी हिचा जन्म झाला.

तिचे आईवडील शेतावर मोलमजुरी करीत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत थोडी. काम मिळेल त्या दिवशी चूल पेटायची, अशी स्थिती. पुढे हे कुटुंब बोलोन्याच्या जवळ राहावयास गेले. परंतु गाव बदलले तरी दारिद्र्याने पाठ सोडली नाही. मुलगी हाताशी आली की तिने शिवणकाम शिकावे, चार पैसे मिळवावे आणि वेळेवर सासरी जावे, एवढीच त्या घराची अपेक्षा होती.

१९०१ साली अल्फोन्सिनाच्या वडिलांनी एक जुनी सायकल घरी आणली. घरातल्या काही कोंबड्या देऊन त्यांनी ती बदल्यात घेतली होती, असे सांगतात. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसे, त्या घरात कोंबडी हीच नाणी. सायकल आली ती वडिलांच्या सोयीसाठी. पण तिच्यावर खरा जीव जडला तो दहा वर्षांच्या लेकीचा. थोड्याच दिवसांत ती सायकल चालविण्यास शिकली. पायी चालताना जे झाड दूर वाटे, ते आता पाहता पाहता मागे पडू लागले. आपल्याच पायांच्या बळावर एवढ्या वेगाने जाता येते, या शोधाने तिचे मन भरून गेले.

गावाला मात्र हे रुचले नाही. त्या काळी मुलीने सायकलवर बसणे अशोभनीय मानले जाई. सायकलीमुळे स्त्रीच्या प्रकृतीस अपाय होतो, असे कित्येक शिकलेले लोकही बोलत. खेड्यातून ही मुलगी भरधाव निघाली की पाहणारे कपाळाला आठ्या घालीत. कोणी अंगावर क्रुसाची खूण करीत. लोकांनी तिला ‘घागऱ्यातील सैतान’ असे नाव ठेवले. ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ या एका नावात एकत्र आले होते! दहा-बारा वर्षांच्या पोरीला असे शब्द रोज ऐकावे लागणे ही काही साधी गोष्ट नव्हे. जखम गुडघ्याला झाली तर ती आठ दिवसांत भरून येते. शब्दाची जखम भरण्यास वेळ लागतो. परंतु अल्फोन्सिनाने उलट उत्तर देण्यात आपला दम खर्च केला नाही. तो तिला पायडल मारण्यासाठी हवा होता.

त्या मुलखात सायकल शर्यतींचे वेड नुकतेच पसरू लागले होते. सुटीच्या दिवशी गावोगावी लहान लहान शर्यती होत. अशा शर्यतींत अल्फोन्सिना उतरू लागली. तिच्याबरोबर धावणारे बहुतेक सारे मुलगेच. तेरा वर्षांची असताना तिने एक शर्यत जिंकली आणि बक्षीस म्हणून तिला एक जिवंत डुक्कर मिळाले! चांदीचा प्याला मिळाला असता तर तो फळीवर शोभून दिसला असता. पण मोलमजुराच्या घरी डुकराचे मोल प्याल्याहून कितीतरी अधिक होते. त्या दिवशी सैतान म्हणून हिणवलेल्या पोरीने आपल्या घरच्यांच्या पोटाची काही दिवसांची चिंता दूर केली.

सायकल शर्यत ही केवळ पायांची परीक्षा आहे असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात तीत शिकण्यासारखे पुष्कळ असते. पहिला गुरू म्हणजे वारा. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा कापण्यात खर्ची पडते. म्हणून जाणते स्पर्धक दुसऱ्याच्या पाठीमागे अगदी चिकटून चालतात. पुढच्याच्या आडोशाने त्यांचे श्रम वाचतात. पण अंतर वीतभर चुकले आणि चाकाला चाक लागले, तर दोघेही धुळीत! दुसरा गुरू म्हणजे रस्ता. खड्डा, दगड आणि चिखल यांची पारख डोळ्यांनी आधीच करावी लागते. तिसरा गुरू म्हणजे स्वतःची सायकल. त्या काळच्या सायकली जड असत. चढ आला की कळ दाबून गती बदलण्याची आजची सोय त्यांत नव्हती. चाक पंक्चर झाले तर ते ज्याचे त्यानेच दुरुस्त करावयाचे. शर्यतीत पुढे गेलेले लोक डोळ्यांदेखत दिसेनासे होत आहेत आणि आपण रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून ट्यूब जोडीत आहोत, अशा वेळी हात न कापता काम करणे हाही एक पराक्रमच होय. असे धडे कोणत्याही शाळेत मिळत नाहीत. अल्फोन्सिनाची शाळा म्हणजे तो धुळीचा रस्ता.

घरी मात्र शर्यतींचे नाव काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे रविवारी सकाळी ती प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जात असल्याचे आईला सांगे आणि सायकल घेऊन शर्यतीच्या गावी जाई. आईशी खोटे बोलणे चांगले नव्हे, यात शंका नाही. आणि ते फार काळ लपलेही नाही. पण जरा विचार केला म्हणजे दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. तिच्या बरोबरीने धावणाऱ्या एखाद्या मुलाला असे खोटे बोलण्याची पाळी आली असती काय? त्याची सायकल घरातून उघडपणे निघाली असती आणि तो परतल्यावर शेजाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली असती. जी वाट एकाला मोकळी असते, तीच दुसऱ्याला चोरवाट होते. हा दोष एकट्या मुलीच्या पदरी घालून चालत नाही.

हे सारे उघडकीस आले तेव्हा आईने निक्षून सांगितले, की शर्यतीच करावयाच्या असतील तर लग्न करावे आणि या घरातून जावे. त्या माउलीचेही काही चुकले असे म्हणवत नाही. लोकांची बोलणी मुलीइतकीच तिलाही ऐकावी लागत होती. पुढे अल्फोन्सिनाचा विवाह लुइजी स्त्रादा या कारागिराशी झाला. धातूवर मुलामा देणे आणि नक्षी कोरणे हा त्याचा व्यवसाय. लग्नाची भेट म्हणून त्याने पत्नीला काय द्यावे? दागिना नव्हे, रेशमी वस्त्र नव्हे, तर शर्यतीची एक नवी सायकल! ज्या गोष्टीसाठी तिला माहेरी बोल लावला जाई, तिचाच त्याने मान केला.

किशोरवयातच तिची कीर्ती गावाबाहेर गेली होती. ट्यूरिन या मोठ्या शहरात स्त्रियांनी सायकल चालविणे तितकेसे नवलाचे राहिले नव्हते. तेथे जाऊन १९०७ साली, सोळा वर्षांची असताना, तिने त्या वेळच्या नामांकित स्त्री सायकलपटूस हरविले. १९०९ साली ती रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे शर्यतीसाठी गेली. आणि १९११ साली ट्यूरिनजवळच्या मोंकालिएरी येथे तिने एका तासात ३७.१९२ किलोमीटर अंतर तोडले. जड सायकल आणि त्या काळचे साधे रस्ते ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत इटलीतील बहुतेक तरुण आघाडीवर होते. तरीही लोम्बार्दी प्रांतातील प्रसिद्ध शर्यत बंद पडली नव्हती. १९१७ साली अल्फोन्सिनाने तीत भाग घेतला. नामवंत पुरुष स्पर्धकांच्या मेळ्यात ती सर्वांत शेवटी पोहोचली. यावर कोणी म्हणेल, की शेवटचा क्रमांक म्हणजे पराभवच नव्हे काय? परंतु तिच्याबरोबर निघालेल्यांपैकी कित्येकांनी वाटेतच शर्यत सोडून दिली होती. त्यांचा क्रमांक कोणता? पुढच्या वर्षी ती पुन्हा आली आणि २१ वी आली. लहानपणीच्या शर्यतींनी तिला वेग दिला होता, तसाच आणखी एक गुण दिला होता: आरंभिलेली वाट संपेपर्यंत न उतरण्याचा.

या गुणाची खरी कसोटी १९२४ साली लागली. ‘जिरो द’इतालिया’ ही इटली देशाची प्रदक्षिणा घालणारी सायकल शर्यत अतिशय खडतर समजली जाते. त्या वर्षी बारा टप्प्यांत ३,६१३ किलोमीटर जावयाचे होते. पैशांच्या वादामुळे मोठे संघ शर्यतीपासून दूर राहिले, तेव्हा एकेकट्या स्पर्धकांना दार उघडले गेले. या संधीचा फायदा घेऊन तेहतीस वर्षांच्या अल्फोन्सिनाने आपले नाव नोंदविले. वृत्तपत्रांतील यादीत तिच्या नावाचे शेवटचे अक्षर गळाले होते. त्यामुळे हा ‘अल्फोन्सिन’ कोणी पुरुष असावा असे पुष्कळांस वाटले. मिलान शहरातून ९० स्पर्धक निघाले. त्यांत एक स्त्री होती.

पहिले काही टप्पे तिने नेटाने पार केले. पुढे आक्विला ते पेरुजा या टप्प्यावर मात्र वाऱ्यापावसाने तिला गाठले. चिखलाने भरलेल्या डोंगरी रस्त्यावर ती घसरून पडली आणि तिच्या सायकलीचे हॅन्डल मोडले. तेव्हा झाडूचा एक दांडका मिळवून तिने तो मोडक्या हॅन्डलाच्या जागी बसविला आणि पुन्हा पायडल मारण्यास प्रारंभ केला! पेरुजास ती पोहोचली खरी. पण ठरलेली वेळ टळून गेली होती. नियमाप्रमाणे तिची शर्यत तेथे संपली.

तथापि संयोजकांनी तिला एक सवलत दिली. तिचे नाव क्रमवारीत धरले जाणार नव्हते. मात्र इच्छा असल्यास तिने पुढे चालावे. कसलाही क्रमांक मिळण्याची आशा नसता पुढे जाण्यात काय अर्थ, असा प्रश्न दुसऱ्या एखाद्यास पडला असता. अल्फोन्सिना निघाली. यानंतर बोलोन्याहून फियुमेपर्यंतचा एक टप्पा ४१५ किलोमीटरचा होता. सुमारे एकवीस तास सायकलवर काढून ती तेथे पोहोचली, तेव्हा वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांनी तिला सायकलीवरून उचलून घेतले. ज्या मुलीला पाहून लोक अंगावर क्रुसाची खूण करीत, तिला पाहण्यासाठी लोक आता तासन् तास तिष्ठत होते. मिलानला शर्यत संपली, तेव्हा ९० पैकी केवळ ३० स्पर्धक क्रमवारीत उरले होते. आणि यादीबाहेरची अल्फोन्सिनाही सारी वाट पुरी करून तेथे हजर होती.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, परंतु तिला प्रवेश मिळाला नाही. स्त्रियांसाठी सायकलीची पहिली जागतिक रस्ता शर्यत १९५८ साली झाली. त्या वेळी अल्फोन्सिना ६७ वर्षांची होती. ऑलिंपिक क्रीडांमध्ये स्त्रियांच्या सायकल शर्यतीस १९८४ साली स्थान मिळाले आणि स्त्रियांची इटली-प्रदक्षिणा १९८८ साली सुरू झाली. हे सारे पाहण्यास ती हयात नव्हती. उतारवयात ती मिलानमध्ये सायकलींचे दुकान चालवीत असे. १३ सप्टेंबर १९५९ रोजी तिचे निधन झाले. त्याही दिवशी ती एक सायकल शर्यत पाहून घरी परतली होती.

कोमो सरोवराजवळच्या डोंगरावर घिझालो नावाचे ठिकाण आहे. तेथील मातेच्या लहानशा चर्चला सायकलस्वार फार मानतात. १९४९ साली या मातेस सायकलस्वारांची संरक्षक म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. डोंगराचा कठीण चढ चढून आलेले तरुण-तरुणी दाराशी क्षणभर विसावतात आणि आत जातात. आत भिंतींवर मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांच्याच पंगतीत, चर्चला जाते असे सांगून शर्यतीला जाणाऱ्या अल्फोन्सिनाचीही एक सायकल आहे.