पुढचं पान माहीत नसलेला आवाज

नटाला ऑडिओबुक वाचायला बसवलं की तो आधी पात्रं करायला लागतो. आजोबा घोगरे, सून नाजूक, सावकार दात-ओठ खाणारा. मीही तेच केलं, कारण आजवर मला पैसे त्याचेच मिळत आले होते. एक प्रकरण झाल्यावर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, मस्त आहे, पण दहा तास हे ऐकायचंय लोकांना." पोरगं माझ्या मुलाच्या वयाचं, पण बोललं ते खरं. नाटक अडीच तासांत संपतं आणि मध्ये बटाटेवडा असतो. पुस्तक मात्र माणसाबरोबर आठवडाभर राहतं, पोळ्या लाटताना, लोकलमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर.

मराठी कानाला ऐकण्याची सवय जुनीच आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले, पु. लं.च्या कॅसेटी तर घराघरांत वाजल्या. पण ते सगळे समोरच्या गर्दीशी बोलत होते. हशा कुठे येणार, तो किती वेळ टिकेल, कुठे ओसरू द्यायचा आणि पुढचं वाक्य कधी टाकायचं, हे त्यांना श्रोत्यांकडूनच कळायचं. नोव्हेंबर 2017मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप भारतात आलं, त्यात मराठी पहिल्यापासून होती आणि नाटकाच्या दौऱ्यांमधल्या रिकाम्या दिवसांत आम्हा नटमंडळींना हे नवं काम मिळू लागलं. इथे हशा नाही. हशासाठी थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटतं, फोन अडकला.

शरीराचं म्हणाल तर सगळं उलटं शिकावं लागलं. शिवाजी मंदिरात कुजबूजसुद्धा बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत पोचवायची असते. म्हणजे ती कुजबूज नसतेच, हवा मिसळलेली आरोळी असते. बूथमध्ये माइक जेमतेम वीतभर लांब. 'फ' आणि 'भ' त्याच्यावर फुटतात, म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवायचं. बांगड्या काढायच्या, सळसळणारी साडी नाही, एसीचा आवाज येत असेल तर तो बंद. उपाशी बसलात तर पोट बोलतं, पोटभर जेवून बसलात तरी बोलतं. तोंड सुकलं की जिभेची चटचट ऐकू येते; त्यावर आंबट सफरचंदाची फोड चांगली. चुकलं की रेकॉर्डिस्ट मागची दोन वाक्यं ऐकवतो आणि आपण चालत्या ओळीत शिरायचं, त्याच सुरात, त्याच श्वासात. एवढं करून तयार झालेल्या एका तासामागे दोन-अडीच तास सहज जातात, आणि पैसे बहुतेक ठिकाणी तयार तासाचेच.

हे सगळं सरावानं येतं. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे: जो आवाज ही गोष्ट सांगतोय त्याला पुढचं किती माहीत आहे?

पुस्तक आधी पूर्ण वाचावंच लागतं. न वाचता बसलात तर ज्याला पुणेरी आवाज दिला तो माणूस नागपूरचा आहे, हे दोनशेव्या पानावर कळतं. म्हणजे शेवट मला ठाऊक असतो. तो नाटकातही ठाऊक असतो. पण तिथे समोरचा नट रोज थोडं वेगळं वाक्य टाकतो, कधी पाठ फिरवतो, कधी प्रेक्षकांत मूल रडतं, आणि त्या धक्क्यांवर आपण शेवट विसरतो. बूथमध्ये धक्का द्यायला कोणी नाही. मग कोण मरणार आहे हे माहीत असलेला आवाज पहिल्या प्रकरणापासूनच हळवा होतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी वाईट होणार याचा वास त्याला येतो.

यासाठी मी घरी पु. शि. रेग्यांची 'सावित्री' मोठ्यानं वाचते. एकोणचाळीस पत्रं, सगळी तिचीच. उत्तरं छापलेलीच नाहीत. दहावं पत्र लिहिणाऱ्या सावित्रीला अकरावं माहीत नाही, आणि तिचा आवाज तेवढाच अजाण ठेवायचा हे भलतंच अवघड जातं. याउलट 'मृत्युंजय'. तिथे कर्ण सगळं संपल्यावर बोलतो आहे. त्याच्या आवाजात शेवट पहिल्या ओळीपासून हवा. पण कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन यांना प्रत्येकाला आपापल्या वाट्याचंच दिसतं. सहा निवेदकांना सहा गळे देणं नटाला जमतं. कोणाला किती ठाऊक आहे हे ऐकू येईल असं वाचणं, हे खरं काम.

यातच छापील भाषेचा घोळ. लेखकानं 'त्याने दार उघडले' लिहिलंय. तोंडात येतं 'त्यानं दार उघडलं'. संहितेतलं अक्षर बदलायचं नाही असं काही निर्माते सांगतात, काही म्हणतात बोला मोकळं. माझं मत असं: संवाद बोलीत असतील आणि निवेदन 'ने-ले'मध्ये, तर ते तसंच वाचावं. तो 'उघडले' सांगणाऱ्याला घटनेपासून दोन पावलं मागे उभं करतो. आपण त्याचं 'उघडलं' केलं की तो दारातच येऊन उभा राहतो, आणि दारामागे काय आहे हे त्याला अजून कळलेलं नाही असं वाटायला लागतं. हे ठरवायचा हक्क लेखकाचा. प्रथमपुरुषी, गप्पांच्या ढंगातलं पुस्तक असेल तर मात्र मी भांडते, आणि लेखक हयात असेल तर सरळ फोन करून विचारते. बहुतेक जण 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात, त्यानं काहीच सुटत नाही.

आणखी एक रीत आहे. पुस्तक संपलं की निर्माते म्हणतात, आता आवाज छान बसलाय, पहिलं प्रकरण पुन्हा करून टाका. त्यांचं चूक नाही. पहिल्या दिवशीचा आवाज चाचपडत असतो, आणि श्रोता पहिल्या पाच मिनिटांतच राहायचं की जायचं ठरवतो. तरी मी शक्यतो नको म्हणते. आवाज बसतो तो शेवट पाहून आल्यावर. पहिल्या प्रकरणातल्या माणसांनी तो कुठे पाहिलाय? अगदीच हट्ट झाला तर उच्चाराच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून देते, बाकीचं राहू द्या म्हणते.