मेद, मध आणि माझी एक चूक

दिवाळीला नातू प्रागहून आला, तो मधाची बरणी घेऊन. लेबलावर रोमन लिपीत तीनच अक्षरं... 'मेद'. आपल्याकडे मेद म्हणजे चरबी, त्यामुळे घरात हशा पिकला. मी मात्र चष्मा सावरून म्हटलं, "बघ, आपल्या संस्कृत 'मधु'वरून गेलेला शब्द!" सगळी नोकरीभर वर्गात हेच सांगत आले होते.

"आजी, मग 'मद' व्हायला हवं होतं ना? 'मे' कुठून आला?"

पुस्तकं काढून बसले. भाषाशास्त्रज्ञ मूळ शब्द 'मेधु' असा धरतात. ग्रीकमध्ये 'मेथु' (अर्थ मात्र वाइन), लिथुआनियनमध्ये 'मेदुस', जुन्या स्लाव भाषेत 'मेदु'. सगळीकडे 'मे' टिकलाय. संस्कृतात जुने ऱ्हस्व ए आणि ओ 'अ'मध्ये मिसळून गेले, म्हणून आपला 'मधु'. म्हणजे मधु ही मेदची आई नव्हे, बहीण. शेवटचा 'उ' पुढे स्लाव लोकांनीही गाळला, आपण मराठीत 'मध' म्हणताना गाळला तसाच! पोलिशमध्ये तर मध आणि मधापासून केलेलं मद्य यांना अजूनही एकच शब्द आहे. आपल्या 'मधु'लाही दोन्ही अर्थ होतेच की.

खरी गंमत अस्वलाची. चेकमध्ये अस्वल म्हणजे 'मेद्व्येद'; मूळ अर्थ मध खाणारा. त्यातला 'व' म्हणजे तोच हरवलेला 'उ'. पुढे स्वर आला की उ चा व... अहो, हा तर आपला यण् संधी! मधु + अद् = मध्वद्. ऋग्वेदात हा शब्द आहे, पण तिथे मध खाणारे पक्षी आहेत. अस्वलाचं जुनं नाव आपल्या 'ऋक्ष'च्या कुळातलं. स्लाव लोकांनी बहुधा भीतीपोटी ते घेणं सोडलं. माझी आजी रात्री सापाला 'जनावर' म्हणायची, तसंच.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच. १९८४ साली दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "बाई, शब्द इकडूनच तिकडे गेला कशावरून?" मी त्याला "आगाऊपणा नको" म्हणून खाली बसवलं. वर्ग हसला होता. पुन्हा वर्षभर त्याने हात वर केला नाही.

खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. नाव काही केल्या आठवत नाही. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर कळवा.