नकलांचा कैवार

नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांतून उपटलेले आणि बिघडलेले म्हणून एकगठ्ठा विकले गेलेले बोर्ड समोर आले, म्हणजे पहिला मोह होतो तो ब्रश उचलून साफसफाईला लागण्याचा. परंतु तो मोह आवरावा, असे माझे ठाम मत आहे. बोर्डावरची धूळ ही त्या बोर्डाची कैफियत असते, आणि ती वाचल्यावाचून पुसून टाकणे हा तपासाच्या आरंभीच केलेला अन्याय होय. एखाद्यावर तेलकट काजळीचा थर बसलेला असतो; तो भज्यांच्या कढईशेजारी दिवस काढून आलेला. एखाद्याच्या चिपांच्या रांगांमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले असते. ते यंत्र बंद पडल्यावरही उघड्या जागेत बराच काळ उभे असले पाहिजे. एखाद्याच्या कडेची संपर्कपट्टी मधोमध झिजून तांबे दिसू लागलेले असते, आणि तो एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात, एका गावातून दुसऱ्या गावात कितीदा चढवला-उतरवला गेला, याचा तो दाखलाच असतो.

माझ्याकडची रास नागपूरच्या भंगारातून परसवाड्याला आली, यात नवल काही नाही. आमचा बालाघाट जिल्हा मध्यप्रांताच्या नागपूर विभागातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तरी मोठे दुखणे, मोठी खरेदी आणि मोठे भंगार यांचा रस्ता नागपूरचाच राहिला. शिवाय या बोर्डांच्या द्रव्याशी आमच्या भूमीचे जुने नाते आहे. याच जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खुली खाण आहे, आणि परसवाड्याच्या नजीक उकव्याला मँगनीज निघते; त्यामुळे बोर्डाच्या हिरव्या लेपाखालून तांब्याची केसासारखी बारीक रेघ उघडी पडली, की ती वस्तू जपानात घडली असली तरी मला परकी वाटत नाही.

कैफियत वाचून झाली, की मग मात्र सफाई निःसंकोच करावी. मऊ ब्रशाने कोरडी धूळ काढावी, तेलकटपणा असेल तर कोमट साबणपाण्याने धुवावे, पाणी निथळवून आयसोप्रोपाइल अल्कोहोल फिरवावे आणि वाऱ्यावर वाळवावे. येथे आमच्या पठारावरचे ऊन उपयोगी पडते. परंतु त्याच उन्हात एक धोकाही आहे. खेळाचा कार्यक्रम ज्या ईप्रॉम चिपांत साठवलेला असतो, त्यांच्या माथ्यावर काचेसारखी खिडकी असते, आणि तिच्यातून अतिनील किरण आत गेले की लिहिलेले पुसले जाते. उत्पादकांच्या पत्रिकांतील हिशेबाप्रमाणे उघड्या खिडकीची चिप थेट उन्हात सुमारे आठवड्याभरात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे ३ वर्षांत कोरी होऊ शकते. म्हणून खिडकीवरची चिकटपट्टी निघालेली दिसली, की सफाई तशीच थांबवून आधी नवी पट्टी लावणे हे माझ्या मते या कामातले पहिले कर्तव्य आहे.

बॅटरीने केलेला नाश याहून क्रूर असतो. एसएनके कंपनीने १९९० साली बाजारात आणलेल्या निओ-जिओ बोर्डांवर हिशेब आणि मांडणी जपून ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची पुनर्भारित होणारी बॅटरी डाखलेली असे. ती म्हातारी झाली की पाझरते, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेघा खात खात दूरच्या चिपांच्या पायांपर्यंत पोचतो. त्या जागी पांढरा सिरका लावून क्षार मारावा लागतो, कुजलेला लेप खरवडावा लागतो, तुटलेल्या रेघेच्या दोन टोकांमध्ये बारीक तार डाखावी लागते. काढलेल्या बॅटरीच्या जागी बसवण्यात येते ती पुष्कळदा लिथियमची नाण्याएवढी चपटी बॅटरी. तिला भारित करू पाहणारा प्रवाह डायोड घालून अडवायचा. या चपट्या बॅटरीच्या धन ध्रुवाचे द्रव्य मँगनीज डायऑक्साइड असते, हे आठवले की उकव्याच्या काळ्या दगडाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

विजेची जोडणी करण्यापूर्वी ५ व्होल्ट आणि जमीन यांच्यात मल्टिमीटर लावून आडवा मार्ग तर झालेला नाही ना, याची खातरजमा करावी. १९८५ साली जपानी उत्पादकांच्या जामा या संघटनेने ५६ टोकांची एक ठराविक जोडणी सर्वांसाठी मुक्रर केली, हा आमच्यासारख्यांवर मोठाच उपकार होय. त्यानंतरचे बहुतेक बोर्ड एकाच तारसंचावर तपासता येतात. बोर्ड चालू होतो, आणि पडद्यावर जे उमटते ते बहुधा चित्र नसून विस्कटलेल्या रांगोळीसारखे काहीतरी असते. परंतु जाणत्याला त्या विस्कटण्यातही नियम दिसतो. समान अंतरावर उभ्या रेघा आल्या तर चित्रस्मृतीची एखादी वाट अडली आहे. सर्व काही निळसर-हिरवे दिसले तर लाल रंगाची वाट तुटली आहे. पडदा ठराविक अंतराने मिटत-उघडत राहिला तर प्रक्रियक भानावर नाही आणि पहारा देणारे मंडल त्याला पुन्हापुन्हा जागे करू पाहत आहे. बिघाड इतका सत्यवचनी असतो, ही गोष्ट मला या कामात सर्वांत अधिक प्रिय आहे.

आता या राशीबद्दल जे मला मनापासून सांगायचे आहे ते सांगतो. तिच्यातले बहुसंख्य बोर्ड नकली आहेत. संग्राहकांच्या दरबारात नकलेला किंमत नाही. मूळ कंपनीचा शिक्का असलेला बोर्ड काचेत ठेवायचा आणि नकलेच्या चिपा काढून त्याच्या दुरुस्तीला वापरायच्या, असा रिवाजच पडला आहे. नक्कल करणाऱ्याने मूळ निर्मात्याचा हक्क बुडवला, हे निर्विवाद आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु आपल्या देशात, विशेषतः लहान शहरांत आणि तालुक्यांच्या गावी, पोरांनी रुपयाचे नाणे टाकून जो खेळ खेळला तो प्रायः या नकलांवरच. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ, ज्याला आपल्याकडे सर्वत्र ‘मुस्तफा’ म्हणतात, त्याच्या मूळ बोर्डाचा ध्वनी क्यूसाउंड पद्धतीचा, भारदस्त. आणि नकलेत त्याच्या जागी ओकी कंपनीची एक साधी ध्वनिचिप बसवलेली, जिच्यातून ठोसे आणि आरोळ्या किंचित फाटक्या आवाजात बाहेर पडतात. आपल्या एका पिढीच्या कानात साठलेला आवाज तो फाटकाच आहे. तो नष्ट करून मूळ ध्वनी वाचवला, तर जपानचा इतिहास वाचेल, आणि आपला जाईल.

शिवाय आयुष्याचा विचार केला तर एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. मूळ ‘मुस्तफा’चा ध्वनिकार्यक्रम सांकेतिक लिपीत लिहिलेला, आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या आधाराने जपलेली; बॅटरी संपली की किल्ली गेली आणि खेळ मुका झाला. याच कंपनीच्या पुढच्या, सीपीएस-२ या पद्धतीत तर बॅटरीच्या मृत्यूबरोबर सबंध खेळच बंद पडे. २०१६ साली एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कुलपाची रचना उलगडल्यानंतरच मेलेले बोर्ड मूळ स्वरूपात, यंत्रात फेरफार न करता, पुन्हा जिवंत करण्याचा मार्ग खुला झाला. नक्कल करणाऱ्याने कुलूप आधीच तोडलेले होते, म्हणून त्याच्या बोर्डावर मरणारी किल्लीच नाही. मूळ कंपनीने स्वतःसाठी घडवलेल्या खास चिपांचे कामही त्याने पुष्कळदा बाजारात मिळणाऱ्या साध्या तर्कचिपांची रांग लावून भागवले. परिणामी खास चिप जळालेला मूळ बोर्ड दुसऱ्या मूळ बोर्डाचा बळी घेतल्याशिवाय उठत नाही, आणि नक्कल मात्र नागपूरहून टपालाने मागवलेल्या, काही रुपयांच्या चिपेवर उठून बसते. जो बोर्ड परसवाड्यात बसून दुरुस्त होऊ शकतो, त्याला हीन लेखण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

म्हणून या राशीतली एकही नक्कल मी सुट्या भागांसाठी मोडलेली नाही. प्रत्येकीच्या ईप्रॉम चिपा वाचकयंत्रावर वाचून त्यांचे पडताळणी-अंक मी ‘मेम’ या, जुन्या यंत्रांवरचे खेळ संगणकावर चालवून जपणाऱ्या प्रकल्पाच्या नोंदींशी ताडून पाहतो. १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी आरंभिलेल्या या प्रकल्पाच्या दप्तरात मूळ खेळांबरोबर ज्ञात नकलांचीही स्वतंत्र नोंद ठेवली जाते, ही त्या मंडळींची न्यायबुद्धी मला वंदनीय वाटते. बहुतेक चिपांचे अंक तेथील नोंदींशी बरहुकूम जुळले. एका ‘मुस्तफा’च्या बोर्डावरच्या दोन चिपांचे मात्र कोठेच जुळेनात. त्यांचे पाय घासून, खाचा अल्कोहोलने पुसून त्या पुन्हा वाचल्या, तेव्हा एक ओळखीची निघाली आणि दुसरी प्रत्येक वाचनाला तोच अनोळखी अंक देत राहिली. म्हणजे ती बहुधा बिघडलेली नसावी. तिच्यात कोणी तरी जाणूनबुजून काही बदललेले असावे. तिची प्रत काढून ठेवली आहे. दुसऱ्या वाचकयंत्रावर तोच अंक आला, की ती प्रत, बोर्डाच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह, ‘मेम’च्या दप्तरी रुजू होण्यासाठी पाठवायची आहे.