गोळ्यांच्या शेजारी

“बरं वाटतंय, तर गोळ्या कशाला?” हा माझ्या दादाचा प्रश्न. त्याला बायपोलर आहे, लिथियम चालू आहे, आणि मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पेटी वाजवायला बसला की बोटं थरथरतात. तहान सारखी, वजन वाढलेलं. उन्मादाच्या दिवसांत पहाटेपर्यंत चाली सुचायच्या, त्यांची ओढ वेगळीच. केय रेडफिल्ड जेमिसन स्वतः मानसशास्त्रज्ञ. त्यांनाही हाच आजार. लिथियम नको म्हणून आपण किती झगडलो, हे त्यांनी १९९५च्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिलंय. मग दादावर कोणत्या तोंडाने रागवायचं?

पण जॉन केड यांचा पहिला रुग्णही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये लिथियमचा गुण जगापुढे मांडला. वर्षानुवर्षं उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत सुधारून घरी गेला, कामाला लागला. मग गोळ्यांत हयगय झाली, शेवटी त्या सुटल्याच, आणि तो पुन्हा रुग्णालयात आला. पुढे लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. रक्तातली पातळी मोजायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. म्हणून दादाची रक्ततपासणी मी कधी चुकू देत नाही. लिथियम एकाएकी बंद केलं तर उन्माद उसळून येऊ शकतो. ते आत्महत्येचा धोकाही कमी करतं. ‘औषधाविना बायपोलर मुळापासून बरा’ असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला संताप येतो तो यासाठी.

गोळ्यांशिवाय करण्यासारखं मात्र खूप आहे, आणि त्यात पहिली झोप. झोप उडणं ही उन्मादाची चाहूल असते, तसंच त्याचं कारणही. आपल्याकडे तर गणपतीची आरास, नवरात्र, कोजागरी, लग्नघर, सगळीकडे जागरणाचं कौतुक! दादा आरती करतो आणि वेळेवर झोपायला जातो. पाहुणे रुसतात, रुसू देत. अमेरिकेत एलन फ्रँक यांनी याच धाग्यावर एक उपचारपद्धती उभारली: उठणं, जेवणं, माणसांत मिसळणं, झोपणं यांच्या वेळा रोज टिपायच्या आणि सांभाळायच्या. त्यांच्या अभ्यासातल्या रुग्णांची औषधंही सोबत चालूच होती.

‘गोळी घे आणि गप्प बस’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. थरथर डॉक्टरांना सांगायलाच हवी. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर माणसाला आपले उपचार कसे व्हावेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिलाय. दादाने रीतसर नोंद अजून केलेली नाही, पण बरा असताना घरापुरता एक कागद लिहिलाय. सलग दोन रात्री झोप नसली तर वहिनीने थेट डॉक्टरांना फोन करायचा. एटीएम कार्ड तिच्याकडे द्यायचं. बायकोमुलांसमोर त्याच्यावर ओरडायचं नाही, बाहेर नेऊन बोलायचं. आणि पेटी कुणी उचलून ठेवायची नाही.